ऐकू आलेला खो

शनिवार, मॅचवरून आल्यावर

खो-खोत आमचं कॉलेज पहिलं! घसा पार बसलाय, म्हणून इथंच ओरडून घेते.

परवा सेमीफायनलला पंचांनी माझा खो फाऊल दिला होता. म्हणे, ऐकूच आला नाही. कसा येणार? मुकुंदवाडीत मावशीकडं राहून तीन वर्षं एकच ऐकतेय, "हळू बोल गं, खाली घरमालक हायेत." नशीब, कसंबसं जिंकलो. पण तो फाऊल काही डोक्यातून जाईना.

आज फायनलला त्यांची शेवटची पोरगी बाद झाली तरच आम्ही जिंकणार होतो. दहा सेकंद उरलेले. मी शारदाच्या पाठीवर थाप मारली आणि अख्ख्या विद्यापीठाला ऐकू जाईल असा खो दिला. एवढा आवाज माझा? ती पोरगी दचकलीच. शारदानं उठून तिला टिपलं. मी आधी पंचांकडं बघितलं. बाद! ऐकू आला!

घरी मावशीनं दार उघडलं. "काय झालं? बोल की!" आवाजच फुटेना. मेडल दाखवलं.

मावशी अशी ओरडली, की घरमालक अनवाणीच वर आले. तर त्यांनाच म्हणाली, "ऐकू आलं ना? पोरगी जिंकली माझी!"