लुकाच्या तटावरची फेरी

ॲन आर्बर, १६ नोव्हेंबर १९८६

हे गेल्यापासून इटलीच्या स्लाइड्स तशाच पडून होत्या. आज निखिलने प्रोजेक्टर लावला. लुका शहर. त्याच्याभोवतीच्या रुंद तटावरून चालताना यांचा हट्ट, “गाव उजव्या हाताला ठेव, प्रदक्षिणा आहे ही!” मी हसत फोटो काढला होता.

हॉलच्या भिंतीवर हे चालताना दिसले, पण गाव डाव्या हाताला. निखिलने स्लाइड उलटी घातली होती.

“आई, इज इट बॅकवर्ड्स?”

डाव्या हाताला. मागच्या महिन्यात फ्युनरल होममध्ये भटजींनी निखिलला अशाच उलट्या फेऱ्या घालायला लावल्या होत्या, वडिलांना डाव्या हाताला ठेवून. तेव्हाही रडू आलं नाही, आजही नाही. असं कसं?

“राहू दे,” मी म्हटलं. “आता असंच बरोबर आहे.”