शून्य आणि ला.ना.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचंही पाहिलं. दोघांचं एकमत होतं. बरोबर या वेळी, प्रयोगशाळेच्या सभागृहात, होयबाने पडद्यावर माझं नाव झळकवलं आणि त्याखाली एक भलंमोठं शून्य. टाळ्या!

होयबा म्हणजे आताचा संचालक. एके काळी माझा विद्यार्थी. बुधवारी मी 'आज रविवार' म्हटलं असतं तर 'होय मॅडम' म्हणून घरी गेला असता. नुसती मान डोलावून माणूस कुठवर चढतो!

शून्य कशाचं? जुन्या कारखान्यामागच्या जागेचं. तिथे वर्षानुवर्षं यंत्रांचे सुटे भाग धुतले आणि धुतलेलं द्रावण मागच्या खड्ड्यात ओतलं. त्याच्या रेणूला क्लोरीनचे चार अणू चिकटलेले. कुजत नाही, विरत नाही, घरजावयासारखं जमिनीत ठाण मांडून बसतं. लोखंडाच्या भुकटीने ते अणू एकेक करून सोडवायचे, ही माझी अभिक्रिया. बावीस वर्षं घातली तिच्यात. आता तीच वापरून म्हणे जागा स्वच्छ झाली, आणि तिथे पाळणाघर होणार. पाणी तिथल्याच कूपनलिकेचं. 'मॅडमच्या पद्धतीने, मॅडमच्या आशीर्वादाने!'

मी उठून विचारलं, "शेवटचा अणू सुटला का?" तेवढ्यात कुणीतरी हातातला माइक अलगद काढून घेतला. होयबा म्हणाला, "मॅडम, आधी चहा घेऊ या ना."

चहा पाणचट होता.

बुधवार, ४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, निवृत्त झालीस ना? मग राहा की निवृत्त!"

मी म्हटलं, मी निवृत्त झाले, क्लोरीन नाही झाला. तिने फोन नवऱ्याकडे दिला. जावई गोड माणूस. हवामानावर बोलला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

अहवाल पाहायला गेले. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "आजी, कुणाला भेटायचंय?" आजी! त्या इमारतीतल्या निम्म्या नळांना माझ्या शिव्या ठाऊक आहेत.

होयबाने मुख्य पान दाखवलं. मी शेवटचं परिशिष्ट मागितलं. खरं नेहमी परिशिष्टात असतं. मुख्य पानावर फक्त सह्या असतात. तर परिशिष्टात काय? तीन अणू गेल्यावर जे एका अणूचं धाकटं कार्टं उरतं – थोरल्यापेक्षाही विषारी! – त्याच्यापुढे 'ला.ना.' म्हणजे 'लागले नाही'. हा शब्द मीच या प्रयोगशाळेत रुजवला. आणि मुख्य पानावर येईतो ला.ना.चं झालं शून्य!

"मॅडम, अर्थ एकच ना?"

"तुझ्या यंत्राला अब्जात पन्नास भागांच्या खालचं दिसतं का?"

"नाही मॅडम."

"आणि पाण्यात दोनच्या वर असलं तर प्यावं का?"

"नाही मॅडम."

"मग दोन आणि पन्नासच्या मध्ये काय आहे, हे तुला कळलं का?"

"होय मॅडम. म्हणजे... नाही मॅडम."

माझ्या मोतीबिंदूवाल्या डोळ्याला दुधातला केस दिसला नाही, म्हणून दुधात केस नाही? कॉन्व्हेंट शाळेत आमच्या वर्गाच्या सिस्टर पट्टी आपटून म्हणायच्या, "नाही म्हणू नकोस. कुठे शोधलंस आणि कशाने शोधलंस ते सांग." आम्ही आठ वर्षांच्या होतो. त्या हरवलेल्या रुमालाबद्दल बोलत होत्या. पण होयबा त्या शाळेत असता तर आज पाळणाघर वाचलं असतं.

जाताना म्हणतो, "मॅडम, उद्घाटनाची तारीख ठरलीय हो. समजून घ्या."

समजले.

शनिवार, ७ फेब्रुवारी

रक्तदाब वाढला. डॉक्टर विचारतात, कशाने? म्हटलं, शून्याने.

मंगळवार, १० फेब्रुवारी

होयबाला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, पहिल्यात 'गाढवा' होतं, दुसऱ्यातही होतं. चौथं जमलं: शून्य खोडून 'लागले नाही' असे लिहावे. यंत्राची मर्यादा मुख्य पानावर द्यावी. त्या परिसरातलं पाणी बारीक पाहणाऱ्या यंत्रावर तपासेपर्यंत पाळणाघर उघडू नये. लेखी उत्तर सोमवार, २३ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. चहावर भागणार नाही.

आता त्या बाजूचं पाणी हवं. मामांना फोन केला. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे जुने मदतनीस. कारखान्यामागच्या गल्लीत त्यांचं घर, दारात विहीर. "बाटली भरून आणा," म्हटलं. "आणि बुडबुडा राहिला तर –"

"– तर परत पाठवाल. ठाऊक आहे बाई. तीस वर्षं परत पाठवल्यात."

बुधवार, ११ फेब्रुवारी

मामा आले. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट. उलटी केली. एक बुडबुडा नाही! होयबाला पाच वर्षांत जमलं नाही ते. (बुडबुडा राहिला की हा पदार्थ पाण्यातून उडून त्यात जाऊन बसतो, आणि मग मोजा काय मोजायचं ते.)

त्यांना पत्र वाचून दाखवलं. खूप हसले. "चहावर भागणार नाही! बाई, तुम्ही म्हणजे..." पत्र स्वतः नेऊन देतो म्हणाले. निघताना चपला घालत सहज म्हणाले, "पण आमच्या विहिरीची चाचणी कशाला? ती तुम्हीच केली होती की. शून्य होतं. तुमची सही बघूनच तर जागा घेतली आम्ही."

मी म्हटलं, मी आयुष्यात कधी शून्य लिहिलेलं नाही, मामा. ला.ना. लिहिलं असेल.

"असेल बाई," म्हणाले. मोठ्यांदा बोलणाऱ्या माणसाला म्हणतात तसं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

माळ्यावरची पेटी काढली. एकतीस वर्षांपूर्वीची वही. कारखान्यामागची गल्ली, सहा विहिरी. माझं अक्षर, सहाही ओळींत ला.ना., ला.ना., ला.ना. हुश्श!

वहीच्या खाली टंकलेल्या अहवालाची कार्बन प्रत. सहा विहिरी. सहा शून्यं. खाली सही. माझी.

आठवलं. न आठवतं तर बरं होतं. टायपिस्ट दारात उभी. "बाई, हा रकाना आकड्यांचा आहे, त्यात अक्षरं कशी घालू? आकडा सांगा ना." आणि मी, डबा उघडता उघडता, "अगं, मग टाक शून्य!"

तेव्हाच्या यंत्राला शंभरच्या खालचं दिसत नव्हतं.

मामांना लगेच फोन केला. आजपासून विहिरीचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. "का बाई? शून्य होतं ना?" मागे त्यांची नात कशासाठी तरी रडत होती. मी म्हटलं, आधी पाणी बंद करा, मग सांगते.  ते म्हणाले, "पत्र दिलं हो साहेबांना. पोच घेतलीय."



शनिवार, १४ फेब्रुवारी

दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. मामांचं अक्षर, बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर असायचं तसंच, तिरकं. जशीच्या तशी उतरवते:

'बाईंस. आम्ही घरची सात माणसं एकतीस वर्षं हे पाणी प्यायलो. ते शून्य होतं की ला.ना., हे सहीनिशी लिहून द्यावं. घरात माझ्या तोंडी सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. लेखी उत्तर सोमवार, २३ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. चहावर भागणार नाही.'