घड्याळजीचा आवाज

३ मार्च

नवं पुस्तक मिळालं! म्हणजे जुनंच – शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी, विटेएवढी जाड. अंध वाचकांसाठी सगळी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. सगळ्यांचे आवाज अर्थात माझेच.

तिच्यात एक घड्याळजी आहे. विधवा शिक्षिकेच्या घरी दर आठवड्याला भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला येतो. किल्ली काय, तिलाही देता येते! हा येतो, किल्ली देतो, 'बरं, निघतो' म्हणतो आणि खरंच निघतो.

६ मार्च

घड्याळजीवर माझा जीव जडलाय. लिहूनच टाकते.

शिक्षिकेच्या मागे एक कॅप्टनही लागलाय. तो सारखा स्वतःच्या शौर्याच्या कथा सांगतो. घड्याळजी विचारतो, आजचा वर्ग कसा झाला? आणि तिचं उत्तर संपेपर्यंत हलत नाही. बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. वाट अरुंद असली तर तिला कोरडी बाजू देऊन स्वतः चिखलात उतरतो. पण प्रेमाबद्दल अवाक्षर काढेल तर शपथ. मूग गिळून बसलाय नुसता. आज वैतागून माइकसमोरच म्हणाले, "अरे बोल की मेल्या!"

काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिंगवाला बसतो. तो हसला. मशीन थांबवलं. "तेवढं कापतो," म्हणाला. नेहमीसारखं, आधी जरासं थांबून, मग हळू.

आईने जेवताना विचारलं, "एकटीच काय हसतेस?" पुस्तकातलं आठवलं, म्हटलं.

१० मार्च

रेकॉर्डिंगवाल्याची बदली झाली. हे पुस्तक संपलं की दुसऱ्या गावच्या केंद्रात जाणार. त्याने नाही सांगितलं, शिपाईमामांकडून कळलं. मला काय त्याचं? दुसरा कोणी येईल, तोही बटणं दाबेल.

आज वाचताना फार चुकले.

११ मार्च

मुद्दाम चुकले. झालं, लिहिलं एकदाचं. चुकलं की ते वाक्य पुन्हा घ्यावं लागतं, म्हणजे पुस्तक तेवढं लांबतं. माझ्यासारखीने, जिच्या स्वच्छ वाचनाचे दाखले देतात नवीन लोकांना! लाज वाटायला हवी. वाटत नाही. तो एकदाही कंटाळला नाही. "पाणी प्या, मग घेऊ," म्हणतो.

१५ मार्च

मेले, मेले, मेले.

तपासणाऱ्या काकूंचा फोन आला. त्यांना दिसत नाही, पण कान असे की पान उलटल्याचा आवाजही सुटत नाही. आमचं प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून चुका काढतात. म्हणाल्या, "पोरी, चूक काही नाही गं. पण हा तुझा घड्याळजी म्हणजे आपला रेकॉर्डिंगवालाच ना? तेच थांबणं, तसंच हळू बोलणं. मला वाटलं, तोच वाचायला बसलाय."

मी कुठे ठरवून केलं? आपोआप आलं ते! आणि तो रोज हेडफोन लावून ऐकतोय! स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही म्हणतात. तसंच असू दे देवा. नाही, तसं नको. काय हवंय ते मलाच कळत नाही.

"काकू, त्यांना काही बोलू नका हं."

"मी कशाला बोलू? ज्यांनी बोलायचं ते बोलतील," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

१६ मार्च

आरशासमोर बसून नवा घड्याळजी तयार केला. घोगरा. आई दारातून म्हणाली, "घसा बसलाय का? गुळण्या कर."

१८ मार्च

शेवटचं प्रकरण. घड्याळजी अखेर बोलतो. मी घोगरा आवाज लावला. मशीन थांबलं.

"हा कोण?"

"घड्याळजी."

"नाही. आधीचाच ठेवा."

"आधीचा कसा होता?" विचारून बसले. चोराच्या मनात चांदणं!

त्याने बटणांवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "माझ्यासारखा. चौथ्या प्रकरणापासून. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मग काय, वाचलं. त्याच्याकडे बघत, त्याच्याच आवाजात, मीच मला मागणी घातली – 'मोठं काही माझ्याकडे नाही. पण तुम्ही बोलाल तेव्हा ऐकायला मी घरात असेन.' आणि शिक्षिकेचं 'हो' माझ्या आवाजात. सगळं एका दमात, एकही चूक नाही. कान नुसते तापलेले.

त्याने हेडफोन काढले, वायरी गुंडाळल्या. "छान झालं," म्हणाला आणि निघून गेला. भरदुपारी! कधी नाही तो! मी आपली काचेअलीकडे, हातात मिटलेलं पुस्तक. घरी येऊन विनाकारण कपाट आवरलं. खूप रडले.

१९ मार्च

त्याचं बोलणं किती दिवस मीच बोलायचं? म्हणून आज माझं बोलले. काचेपलीकडच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

"हो," म्हणाला. लगेच. मग म्हणाला, "काल दुपारी साहेबांकडे गेलो होतो. बदली रद्द करून आलोय."