माइदोचा कठडा

३ ऑगस्ट, रवि.
मेडिकल झालं. डॉक्टर म्हणाला, गुडघा गेलाय, पुढच्या वर्षीपासून उंचीवर चढायचं नाही. एकवीस वर्षं इथे आखातात रिफायनरीत परांच्या बांधतोय. वरून दिसतं काय, तर टाक्या, पाइप, धूळ. चढलो एवढा आणि बघायला काही नाही! चीड येते.

५ ऑग.
पुन्हा तोच व्हिडिओ. रियुनियन, समुद्रातलं ज्वालामुखीचं बेट. माइदो नावाची जागा, कठड्याखाली सरळ खोल दरी. पहाटेच दिसते म्हणे, नंतर ढग भरतात. कठड्याचा मधला पाइप खूप वर घेतलाय, आमच्याकडे तपासणीत पास झाला नसता. तरी जायचंच. गुडघा आहे तोवर.

८ ऑग., शुक्र.
आईला फोन. गणपतीत सुट्टी नाही मिळत म्हणालो. धडधडीत खोटं. ती म्हणाली, "बरां, देव असा." दिवसभर खोलीत येरझाऱ्या.

१२ ऑग.
सुट्टी मंजूर! फोरमनने कामाच्या बसमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं. नको होतं.

१३ ऑग.
गावाकडचा, शेजारच्या वाडीतला दत्ताराम सुतार पिशवी घेऊन हजर. बदाम, अत्तर, त्याच्या वडलांसाठी गुडघ्याचा पट्टा. या दिवसांत आमच्या या अब्बासिया वस्तीतला कोकणी माणूस सुट्टीवर निघाला की गावालाच निघाला, कुणी विचारत नाही. मीही पिशवी घेतली! पलंगाखाली सरकवली. जाताना म्हणाला, "तुझ्या आवशीक फोन केलंय. येता म्हणून सांगलंय."
मेलो.

१५ ऑग., शुक्र.
आईचा फोन. "सुट्टी गावली मा तुका? मगे खोटां कित्याक सांगलंस?"
सांगून टाकलं सगळं. बेट, दरी, डॉक्टर. ती रागावेल असं वाटलं होतं.
"थयसून खाली काय दिसता?"
"दरी. ढग."
"जा मगे, बघून ये. पण दत्ताच्या बापाशीचो पट्टो कोण हाडतलो? तो कालपासून येवन इचारता."

१७ ऑग.
गावी जाणाऱ्या दोघांना पट्टा न्याल का विचारलं. दोघांच्याही बॅगा भरलेल्या. दत्तारामला अजून काही बोललो नाही, बसमध्ये दुसऱ्या टोकाला बसतो.
इथून बाहेर जायला कंपनीची परवानगी लागते, तो अर्ज ऑनलाइन भरला. तारखा टाकल्या. तिकीट अजून कुठलंच काढलेलं नाही.
संध्याकाळी तो पट्टा माझ्याच गुडघ्याला बांधून खोलीत चाललो. दुखत नाही. सोडून पुन्हा पाकिटात घालताना घडी काही जुळेना.