मेनूकार्डाआडचा भाऊ

गडहिंग्लज,
१६ डिसेंबर २०२५

चि. कृष्णात यास, आक्काचा आशीर्वाद. तोही सवयीनं लिहिला, मनानं न्हाय.

फोन करू नकोस, उचलणार न्हाय. शनिवारी यशराजनं मला नवा चष्मा घ्यायला कोल्हापूरला नेलं. संध्याकाळी हट्टच धरला, आई, आज चायनीज खायचंच. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्याच हॉटेलात. सूप पुढ्यात आलं आणि समोरच्या लांब टेबलावर बघते तर तू, तुझी बायको आणि आपली संयोगिता! पोरीच्या कपाळभर कुंकू, सॉसच्या बाटल्यांच्या मधी ओटीचा नारळ ठेवलेला, आणि कोण कुठली बाई तिला मंचुरियन भरवतीया. शेजारी कोट घातलेला मुलगा. तू मला बघितलंस. बघितलंस की! आणि मेनूकार्ड तोंडापुढं धरलंस.

अरे, ती पाळण्यात असताना तूच म्हणालतास, आक्का, ही तुझी सून. चोवीस वर्षं मी तिला सूनबाई म्हणूनच हाक मारली. तिच्यासाठी सहा साड्या पेटीत घालून ठेवल्या. यशराजची दोन चांगली स्थळं परतवून लावली. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला. लेकरू बिचारं मान खाली घालून भात चिवडत बसलं, एक घास गेला न्हाय त्याला.

लोभ होता तेवढा पुरे झाला.
आक्का

कोल्हापूर,
२१ डिसेंबर २०२५

ती. आक्कास, कृष्णातचा शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. मेनूकार्ड धरलं ते चुकलंच, त्याची लाज वाटतीया. पण शब्द मी मोडला न्हाय, आक्का.

मे महिन्यात यशराज कागलहून, कंपनीतनं सुटून थेट घरी आलता. म्हणाला, मामा, संयोगिता मला बहिणीसारखी हाय, हे लगीन नको. तिच्याही मनात तेच होतं. मी म्हटलं, मर्दा, आईला सांग. तर पाय धरले माझे. मी सांगितलं तर आई अंथरूण धरंल म्हणाला, तुम्हीच मोडलं म्हणून सांगा, भावावरचा राग ती विसरंल. मी हो म्हटलं खरं, पण सात महिने तुझ्यापुढं तोंड उघडंना. तेवढ्यात स्थळ आलं. त्या दिवशी घरात सुपारी फुटली आणि पोरांच्या हट्टापायी पावण्यांना तिथं जेवायला नेलं.

कुठं आणि किती वाजता बसणार, हे बाहेरच्यांत एकट्या यशराजला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं.

राग धर, पण भाऊ म्हणून धर.
तुझा कृष्णात

गडहिंग्लज,
२६ डिसेंबर २०२५

चि. कृष्णातास, मनापासून आशीर्वाद.

काल सुट्टीचा यशराज घरी जेवत होता. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. भात चिवडत बसला, त्या दिवशीसारखाच.

तुझ्याशी भांडायला मला जड गेलं न्हाय, लहानपणापासनं भांडतोयच की आपण. याच्याशी कसं भांडू? पोटच्या पोरानं मला दोन शब्द सांगायचं सोडून बोट धरून तिथं नेलं.

साड्या पाठवतीया, संयोगितालाच दे. लग्नाला येईन, एकटी येईन.

एक लिहायचं राहिलं. त्या हॉटेलात मी भिंतीकडं तोंड करून बसत होते. त्यानंच खांद्याला धरून मला तुमच्याकडं तोंड करून बसवलं. म्हणाला, आई, नव्या चष्म्यातनं लांबचं दिसतंय का, बघ की.

चष्मा पेटीत ठेवलाय. अक्षर वाकडं आलं असलं तर सांभाळून घे.
आक्का