अप्पांच्या हातची वेणी

मद्रास, रविवार, ९ ऑगस्ट १९५९

अप्पांना जाऊन महिना झाला. आज त्यांच्या पलटणीतले जुने सोबती मुरुगेशन आमचं टी. नगरचं घर शोधत आले. अक्काला नि मला पाहताच तमिळमध्ये म्हणाले, "त्या वेण्यांच्या मुली तुम्हीच ना?"

आम्ही चकितच! आई विहिरीपाशी पडली तेव्हापासून तिचा उजवा हात नीट वळत नाही. लढाईवरून परतल्यावर आमच्या वेण्या अप्पांनीच घातल्या, रोज, शाळेआधी. इतक्या घट्ट की भुवया वर चढायच्या. वर्गात मुली हसायच्या, म्हणून बाराव्या वर्षी मी सांगून टाकलं, "उद्यापासून माझी मी घालीन." ते नुसतं "बरं" म्हणाले. ते 'बरं' अजून टोचतं.

मुरुगेशन सांगू लागले, "ब्रह्मदेशात घरचं पत्र आलं, तुमच्या आईचा हात मोडला, आता मुलींचे केस कापावे लागणार. त्या दिवसापासून सुभेदारसाहेब, तुमचे अप्पा, सामान वाहणाऱ्या खेचराच्या शेपटीवर वेणी घालायला शिकू लागले. दोनदा लाथ खाल्ली, पण शिकायचं सोडलं नाही."

लाथा खाऊन शिकले, आणि मी? पण एकदा तरी सांगायचं होतं ना, अप्पा!

"म्हणजे आमच्या आधी खेचर!" अक्का ओरडली.

आईनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. रडतेय वाटलं, तर हसत होती!

"मला म्हणाले होते, पलटणीत सगळ्यांनाच शिकवतात. मी खरं मानलं!" मग मुरुगेशनना म्हणाली, "जेवूनच जायचं. आणखी काय काय लपवलंय त्यांनी, तेही सांगा."