देशाला दिलेला कुकर

शनिवार, ऑक्टोबर १९४२

वन्सं, तुम्हीच सांगा, ती शाळा आहे की जप्तीवाल्यांची कचेरी? बाई कोंबड्यांच्या खुराड्यात वाकलेली बघून तिच्या मागच्या पायरीवरून कुकर उचलून न्यायचा, आणि ती परत आणायला गेली तर सगळ्या गावादेखत तिलाच देशाची वैरीण ठरवायचं! लिहिताना रागाने दोनदा पेन्सिल मोडली, म्हणून अक्षर असं आलंय. (तसं माझं अक्षर कधीच बरं नव्हतं, तुम्हाला ते ठाऊक आहे, दर ख्रिसमसला तुम्ही ते बोलून दाखवता.)

बरं, आधी रीत पाळते. नाहीतर तुमचे बंधू म्हणतील, नणंदेला पत्र लिहितेस की तिच्यावर खेकसतेस. तर कॉर्डेलिया वन्संना झेल्माचा नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना लिंकनची थंडी सोसतेय ना? वरच्या मजल्यावरच्या बाईचा कुत्रा अजून रडतो का? इकडे सगळे बरे. आपल्या डेलमरचं आरमाराच्या बोटीवरून पत्र नाही. पत्र नाही म्हणजे पोरगा सुखरूप, असं पोस्टमास्तर म्हणतो. (त्याला म्हणायला काय जातं, त्याचा मुलगा तळपाय सपाट म्हणून सैन्याने नाकारला, घरीच बसलाय.) झाली रीत. आता ऐका.

तुम्ही शिकवत होतात तेव्हा शाळेत शाळा भरायची. आता नुसते क्लब भरतात. एका क्लबातली पोरं लाकडाची विमानं तासून आरमाराला पाठवतात, म्हणजे म्हणे आपलं कुठलं नि शत्रूचं कुठलं ते शिपायांना ओळखता येतं. फुटबॉलच्या वेळी किंचाळायचा एक क्लब होता, तो आता युद्धखर्चाची बचत-तिकिटं विकताना किंचाळतो. गृहशास्त्राच्या पोरी मफलर विणतायत, मी एक बघितला, तो शिपायाला घातला तर त्याचे दोन्ही पाय झाकले जातील. आणि लॅटिन क्लब! मेलेल्या माणसांची भाषा शिकणाऱ्या त्या पोरी लढाईच्या कारखान्यांसाठी घरोघर भंगार मागत हिंडतात, आणि त्यांच्या पुढे, हातगाडीचा दांडा धरून, तुमची भाची आर्डिस. अध्यक्ष आहे ती. मागे तुम्ही कळवलं होतंत, 'छान झालं.' बघा आता काय छान झालं ते.

या सगळ्या क्लबांच्या डोक्यावर बसलीय ऑनर सोसायटी. तिथे चार मेणबत्त्या लावतात, विद्येची, सेवेची, पुढारपणाची आणि चारित्र्याची. मास्तर लोक गुपचूप नावं ठरवतात, मग सगळी शाळा बसलेली असताना जुनी पोरं रांगांतून फिरतात आणि निवडलेल्याच्या खांद्यावर थाप मारतात. थाप पडली की बिल्ला. यंदा ते येत्या शुक्रवारी आहे. मला विचाराल तर बिल्ला म्हणजे पत्र्याचा तुकडा. पण शिक्षिकांच्या कॉलेजात अर्ज केला की ते आधी बिल्ला आहे का विचारतात, आणि आर्डिसला तर तुमच्यासारखं फळ्यापुढे उभं राहायचंय. परवा ती आरशापुढे चांगल्या ब्लाऊजवर टाचणी लावून बघत होती, बिल्ला कुठे शोभेल ते. मी दारातून बघितलं आणि मागच्या मागे सरकले.

तर झालं असं. शेतकी क्लबच्या पोरांनी कुठल्याशा मळ्यातून वाफेचं आख्खं जुनं इंजिन ओढत आणलं आणि शाळेच्या अंगणातल्या ढिगावर चढवलं. लॅटिन क्लबच्या गाडीत काय, तर चमचे नि चाकाच्या तारा. आर्डिसचा जीव कासावीस झाला. ती घरी आली तर मागच्या पायरीवर माझा टोमॅटो बरण्यांत बंद करायचा मोठा कुकर धुऊन पालथा घातलेला. अॅल्युमिनियम! विमानं होतात म्हणे त्याची! गेला गाडीत. मी अंडी घेऊन परत येते तो पायरी रिकामी, आणि न्हाणीच्या टबात सोललेले टोमॅटो माझ्याकडे बघतायत. आमच्या आळीतल्या सगळ्या बायका त्याच कुकरवर हिवाळ्याची भाजी बरण्यांत भरतात, दुकानात नवा मिळत नाही, कारखाने बंदुका करतायत. तुमचे बंधू पुढच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "अगं, देशासाठी नेला तिने," आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "मग तुमची मासे धरायच्या गळांची पत्र्याची पेटी का नाही गेली देशासाठी?" तर डोळे लगेच कोरडे.

मी ढकलगाडी घेतली आणि निघाले. एप्रन काढायचंही सुचलं नाही. कोपरापर्यंत टोमॅटोने लाल, त्यामुळे वाटेत एका म्हाताऱ्याने टोपी काढून विचारलं, "कोण गेलं?" शाळेच्या अंगणात झेंडा चढलेला, बॅण्ड उभा, आणि त्या लॅटिनच्या मिस ब्रॅकेट खोक्यावर चढून भाषण करत होत्या. मी सरळ ढिगावर चढले. कुकर इंजिनाच्या सुट्या चाकाखाली होता, म्हणून मी कान धरून ओढला. कुकर आला, आणि चाकही आलं. ते घरंगळत थेट बॅण्डच्या मोठ्या ढोलात घुसलं. ढोलवाला पोरगा वेळेवर पट्ट्यांतून निसटला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण आवाज असा झाला की झेंड्याखालचे मास्तर जमिनीवर आडवे.

मिस ब्रॅकेट मात्र उभ्या. म्हणाल्या, "मिसेस टॉलिव्हर, एकदा दिलेली वस्तू देशाची होते."

"मी दिलीच कुठे?"

"तुमच्या मुलीने दिली."

"मुलगी माझी, कुकर माझा, टोमॅटो माझे. जानेवारीत देशाला भूक लागली तर काय लॅटिन वाढणार आहात?"

लोक हसले. तिथे थांबायला हवं होतं, पण लोक हसले की माझं तोंड ऐकत नाही. मी म्हटलं, "आणि बाई, तुमच्या टेबलावर तो पितळी टकल्या सीझर बसलाय, तो कधी जाणार लढाईवर?" मग काय विचारता, शेतकी क्लबच्या पोरांनी टोप्या उडवल्या. बाई खोक्यावरून उतरल्या आणि आत गेल्या. आर्डिस गाडीचा दांडा धरून तशीच उभी.

रात्रीच्या जेवणाला ती एवढंच बोलली. "आई, तो पुतळा त्यांना त्यांच्या भावाने दिलाय. तो तिकडे फिलिपिन्सला, बटानच्या लढाईत होता. एप्रिलात फौज शरण गेली, तेव्हापासून त्याचं काही कळलेलं नाही." आता हे मला आधी कुणी सांगितलं होतं? पुतळ्याच्या गळ्यात पाटी होती का? तेव्हापासून पोरगी भांडीसुद्धा आवाज न करता घासते. घर खायला उठतं. मी सगळे टोमॅटो भरले, मग काहीच उरलं नाही म्हणून मुळेही भरले. मुळे कुणी भरतं का, वन्सं?

काल शाळेतून निरोप आला. नावं येत्या गुरुवारी दुपारी ठरणार. दोघा मास्तरांचं म्हणणं, चारित्र्य घरातून येतं, तेव्हा टॉलिव्हरांच्या मुलीचं नाव नको. मिस ब्रॅकेटचं म्हणणं, आईने दोन ओळी दिलगिरीच्या लिहून द्याव्यात, मग आपण मुलीच्या बाजूने बोलू. दिलगिरी! कागदावर! मी सहावीतून बीट उपटायला गेलेली बाई, आणि माझा कुकर मी परत घेतला म्हणून मी लिहून देऊ? मुळीच देणार नाही. तुम्ही आणि ती बाई एकाच ट्रेनिंग कॉलेजातल्या. तुम्ही तिला चांगलं खडसावून लिहा, टोमॅटो हीसुद्धा देशसेवाच, आणि पोरीचा यात काय दोष.

तुमच्या तब्येतीला जपा. मुळ्यांची एक बरणी पाठवतेय, उघडायची सक्ती नाही.

तुमची वहिनी,
झेल्मा

ता.क. तुमच्या बंधूंनी वाचलं. म्हणतात, खडसावलंत तर पोरीची उरलीसुरली आशाही संपेल. पहिल्यांदाच बरोबर बोलले. खडसावू नका.

ता.क. दुसरा. हे झोपलेत, म्हणून लिहिते. ती दिलगिरी मी लिहायला बसले होते, वन्सं. एकदा नव्हे, चुलीत जाळायला पुरतील इतके कागद झाले. 'मला वाईट वाटतं' असं सुरू करते आणि तिसऱ्या ओळीला त्या बाईला झापत असते. माझ्या हाताला दुसरं येतच नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, आयुष्यभर लोकांना गोड शब्दांत टोचत आलात, तर मला दोन ओळी लिहून पाठवा, मी माझ्या अक्षरात उतरवून देईन. कुकरबद्दल माझं चुकलं असं त्यात घालू नका, ते चुकलेलं नाही. ढोलाबद्दल घाला. आणि तिच्या भावाबद्दल काही लिहू नका, तिथे जागा मोकळी सोडा. तेवढं मी लिहीन, माझाही एक पोरगा पाण्यावर आहे. बुधवारच्या संध्याकाळच्या टपालात मला तुमचा कागद हवाच, गुरुवारी आला तर उपयोग नाही. बुधवार, वन्सं.